उभ्या मास्तरचा स्टूल

मित्रांनो, मी एक जुना स्टूल आहे. हसू नका. स्टूल म्हटलं की माणसांना वाटतं, हा काय बोलणार? चार पाय, वर एक फळी, संपली गोष्ट. पण खुर्चीला पाठ असते आणि मला नाही, त्यामुळे मला चारही बाजूंचं दिसतं. शिवाय मी राहतो खाली. माणसांचे चेहरे खोटं बोलतात, पाय कधी खोटं बोलत नाहीत. एवढ्या वर्षांत मी पायच पाय पाहिले आहेत.

एका सुताराने शाळेच्या मोडक्या बाकाचं लाकूड आणून मला घडवलं. माझ्या फळीच्या खालच्या बाजूला कुणा पोराने कर्कटकाने 'गणित नको' असं कोरून ठेवलं आहे, ते आजही वाचता येतं. सुताराने मला घासलं, गुळगुळीत केलं, एक डोळा मिटून माझे पाय सारखे आहेत का ते पाहिलं आणि म्हणाला, "वा! आता यावर राजा बसला तरी तक्रार करणार नाही." मी नवा होतो, भोळा होतो. मी ते मनावर घेतलं.

राजा राहू द्या बाजूला, मला साधं माणूससुद्धा बसायला मिळालं नाही. कारण मी गेलो एका शिंपीकामाच्या दुकानात. तिथे स्टुलाचं काम काय, माहीत आहे? गिऱ्हाइकाने त्यावर उभं राहायचं, म्हणजे पॅन्टची दुमड किती ठेवायची ते नीट दिसतं. सडपातळ, गलेलठ्ठ, नवरदेव, पोलीस, नवी पॅन्ट नको म्हणून भोकाड पसरणारी पोरं, सगळे माझ्यावर उभे राहिले. जन्मलो बसण्यासाठी आणि नशिबी आलं पायदळी तुडवलं जाणं. काय बोलणार!

दुकान म्हणजे एका घराचीच पुढची खोली होती. मोठी काच, काचेतून दिसणारा रस्ता, मधोमध कापड कापायचं लांबलचक टेबल, कोपऱ्यात शिलाई मशीन. मागे पडदा, आणि पडद्यामागे घर. त्यामुळे दुकानातलं घरात ऐकू जायचं आणि घरातलं दुकानात. कापड कापणाऱ्याला या धंद्यात मास्तर म्हणतात. तेव्हाचे मास्तर उंच होते, अबोल होते, आणि दिवसभर उभे असत. त्यांचा नियम होता, कापणारा कधी बसत नाही. बसलं की हात कोपरातून चालतो आणि कापड वाकडं जातं. उभं राहिलं की हात खांद्यातून चालतो आणि रेघ वरून सरळ दिसते. त्यांनी टेबल करवून घेतलं होतं ते स्वतःच्या कमरेचं माप देऊन.

त्यांची एकुलती एक मुलगी टेबलाला पुरत नसे, म्हणून माझ्यावर चढून उभी राहायची आणि चिंध्या कापत बसायची. बसायची कसली, उभीच! आठ-नऊ वर्षांची पोर, पण कात्री अशी चालायची की मास्तर गिऱ्हाइकाला सोडून तिच्याकडे बघत राहायचे. तोंडावर कौतुक करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पण एकदा पोर आत गेल्यावर ते मशीनवरच्या माणसाला हळूच म्हणाले, "माझ्यापेक्षा हात चांगला आहे हो हिचा." मी ऐकलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू, जणू मीच तिला शिकवलं होतं.

मशीनवरच्या त्या माणसाला सगळे शिलाईदादा म्हणत. म्हातारे मास्तर गेले तेव्हा ती मुलगी ऐन विशीत होती. तिसऱ्या दिवशी तिने गळ्यात टेप अडकवला, वडिलांच्या जागी जाऊन उभी राहिली आणि कात्री उचलली. टेबल तिच्या कमरेला नेमकं आलं, बापाची उंची तिने घेतली होती. शिलाईदादांनी तिला लहानपणी खांद्यावर घेतलेलं, पण त्या दिवसापासून तिला 'मास्तर' आणि 'तुम्ही' म्हणायला लागले. गल्लीही म्हणायला लागली. मास्तर आली, मास्तर गेली. दादांचा एक ठरलेला विनोद होता, "मास्तर उभ्याने जगाचे तुकडे करतात आणि मी बसून ते जोडत बसतो."

मग एक बस-ड्रायव्हर पॅन्टची उंची कमी करून घ्यायला आला. माझ्यावर उभा राहिला तर त्याचे पाय नुसते लटलट कापत होते. मला कळेना, एवढी मोठी बस चालवणारा माणूस एका स्टुलावर का घाबरतो? त्याच आठवड्यात तो दुसरी पॅन्ट घेऊन आला, मग तिसरी. तिसऱ्या पॅन्टला दादा मशीनवरूनच म्हणाले, "मास्तर, या गिऱ्हाइकाची उंची रोज बदलतेय, जरा लक्ष घाला." तिने लक्ष घातलं. लग्न झालं. त्यांना मुलगी झाली, तिखट जिभेची, म्हणून तिचं नाव पडलं ठिणगी. घर, दुकान, पोर, सगळं मास्तर उभ्याउभ्या सांभाळायची. पडद्याच्या इकडे कोट, तिकडे कुकर. कुकरची शिट्टी झाली की हातातली कात्री ठेवून आत जायची आणि परत येऊन नेमक्या त्याच रेघेवर कात्री लावायची.

मित्रांनो, आजार सगळ्यांत आधी मला दिसला. म्हटलं ना, मी खालचा माणूस. तिच्या घोट्यांना सूज यायला लागली. संध्याकाळी चप्पल काढली की पट्ट्यांचे वळ पायात रुतलेले असायचे. ती म्हणायची, "दिवसभर उभं राहिल्यावर एवढं होणारच." पण वडिलांचे पाय मी तीस वर्षं पाहिले होते. तेही उभेच असायचे, त्यांचे असे कधी झाले नव्हते. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण मला तोंड कुठलं?

महिन्याभराने ती आणि ड्रायव्हर दवाखान्यातून आली. ड्रायव्हर चप्पल न काढताच पडद्याआड गेला. शेवटी तिनेच दादांना सांगितलं, सहज सांगावं तसं, "दोन्ही किडन्या गेल्या म्हणतात. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त साफ करून घ्यायचं. कायमचं." दादांचं मशीन थांबलं. ते उगाचच दोऱ्याचं रीळ बदलायला लागले, आणि बदललं ते त्याच रंगाचं.

यंत्रासाठी तिच्या डाव्या हाताची एक शीर शस्त्रक्रिया करून जाड केली. त्या जागेला हात लावला की आत सारखी थरथर लागायची. ठिणगी पहिल्या दिवशी घाबरली, मग कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "आई, तुझ्या हातात मांजर गुरगुरतंय!" तेव्हापासून ती शाळेतून आली की दप्तर फेकायची, आईचा हात कानाला लावायची आणि विचारायची, "मांजर बरं आहे ना?" दवाखान्यातल्या सिस्टरही तेच तपासतात म्हणे. फक्त मांजर म्हणत नाहीत.

मास्तरने सगळ्याची वाटणी करून टाकली, जसं कापड बेतावं तशी. तीन दिवसांच्या सकाळी यंत्राला. बाकी वेळ दुकानाला आणि घराला. "यंत्राने तीन सकाळी मागितल्या, दिल्या. चौथी मागायची नाही," असं तिने जाहीर केलं. ड्रायव्हरने आपली पाळी दुपारची करून घेतली, तिला सकाळी नेता यावं म्हणून. तो स्वयंपाक शिकला. तिला मीठ बंद, तर घरात कुणालाच मीठ नको असं त्याने ठरवलं. एकदा त्याने दादांना भाजी चाखायला दिली. दादांनी घास गिळला, जरा वेळ छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान झालीय. आजारी माणूस ही भाजी चुकवण्यासाठी तरी बरा होईल." मास्तर इतकी हसली की टाचण्यांची डबी सांडली.

पाण्याचं मात्र अवघड होतं. तिला पाणी मोजून, तेही जेमतेम. आणि इस्त्रीची वाफ, उन्हाळा, दिवसभर बोलणं. तहानेने जीव कासावीस व्हायचा, बर्फाचा एवढासा खडा तोंडात धरायची. तिच्यासमोर पाणी प्यायला घरातल्यांना चोरट्यासारखं वाटे, म्हणून एकेक जण पडद्याआड जाऊन प्यायचा. एक दिवस तिने तिघांना रंगेहाथ पकडलं, नवरा, लेक आणि दादासुद्धा! "अरे, पाणी पिताय की विड्या ओढताय? माझ्यासमोर प्या. तुम्ही पीत नाही म्हणून माझी तहान भागते का?" सगळे खजील होऊन समोर येऊन प्यायले. पण तिने पाठ वळवून खिडकीबाहेर पाहिलं, हे मला दिसलं.

एवढं सगळं ती करायची, पण बसायची नाही. पडलं तरी नाक वर! ठिणगीने मला उशी शिवून आणली, एका बाजूला फुगलेली आणि दुसऱ्या बाजूला चपटी. मला टेबलाजवळ नेऊन ठेवलं. मास्तरने टाचेने मला बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने पुन्हा ठेवलं. तिने माझ्यावर कापडाचे ताके रचले. एकदा, सगळ्यांनी फारच आग्रह धरल्यावर, ती बसायला वाकली. अर्ध्यातच कळलं, टेबलाची कड तिच्या हनुवटीला येणार होती. ती तशीच सरळ झाली. "बघितलंत? पहिलीतल्या पोरीला मोठ्या बाकावर बसवल्यासारखं वाटेल मला. आणि कापणारा बसत नाही. बाबा कधी बसले नाहीत." विषय बंद. मला काय वाटलं असेल, विचार करा. उशीसुद्धा घालून तयार होतो मी!

यंत्रावरून आलेल्या दिवशी तिचे पाय वेगळे असायचे. सूज उतरलेली, पण थरथरणारे, आधी एक मग दुसरा असे टेकणारे. डॉक्टर म्हणाल्या होत्या की त्या दिवशी आराम. ही तासभर पडायची आणि संध्याकाळी टेबलापाशी हजर. एकदा चक्कर येऊन टेबलाला धरून राहिली. ड्रायव्हर ते पाहून चिडला, म्हणजे घाबरला, आणि घाबरला की तो चिडतो.

"बस झालं. दुकान बंद करू आपण."

"दुकान बंद करून काय करू? पलंगावर पडून भिंतीचे पोपडे मोजू?"

"अगं, जिवापेक्षा कोट मोठा आहे का?"

"अहो, यंत्रावर पडलेली असते तेव्हा मी फक्त पेशंट असते. घरात आले की सगळे मला उचलून ठेवता. इथे एवढ्या चार हातांच्या टेबलापाशी मी मास्तर असते. तेवढं तरी ठेवा माझ्याकडे."

 मलाही त्याचं बरोबर वाटलं आणि तिचंही. कसं व्हायचं या दोघांचं, या काळजीने माझं लाकूड आतून तडकेल की काय असं झालं.

मग आले सर. गल्लीतल्या शाळेतले उंच, चष्मेवाले सर. निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या दिवशी घालायला कोट-पॅन्ट शिवत होते. आयुष्यातला पहिला कोट, निळसर राखी रंगाचं कापड, कापडवाल्याकडे उरलेलं शेवटचं. फिटिंगला आले तेव्हा, माझ्यावरचे ताके आणि उशी बाजूला केल्यावर, कोट घालून माझ्यावर चढले आणि आरशात स्वतःला पाहून इतके लाजले की मला त्यांच्या अंगठ्यांची चुळबूळ जाणवली. मास्तरच्या तोंडात टाचण्या होत्या. ती खाली वाकून पॅन्टची दुमड टाचत होती. मग उठली, कोटाची बगल सैल आहे का पाहायला तिने सरांचा उजवा हात वर केला, आणि तशीच थांबली.

बगलेत बाहीला जोड होता. तिथे कुणी पाहत नाही अशा जागी, सुरेख, बारीक टाक्यांचा जोड. पण तिने बाही जोडाची कापलीच नव्हती.

तिने दादांकडे पाहिलं. दादा मशीनमध्ये डोकं घालून बसले होते.

"काही चुकलंय का?" सरांनी विचारलं.

"नाही सर. छान बसलाय. हात खाली घ्या." तिने उरलेल्या टाचण्या एकेक करून लावल्या. एकही वाकडी लागली नाही. सर खुशीत निघून गेले, तेव्हा तिने दुकानाचं दार लावून घेतलं.

"दादा, तो जोड कसला?"

दादा चिंधीने मशीन पुसायला लागले.

"दादा!"

"दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या तुम्ही," दादा म्हणाले. अगदी हळू.

मित्रांनो, तुम्हाला सांगतो हे काय असतं. कापडाला सुलट आणि उलट बाजू असते. बाहीचा कागदी नमुना एकदा सरळ ठेवून कापायचा आणि दुसऱ्यांदा पालथा करून. पालथा करायचं विसरलं की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. ही चूक शिकाऊ माणूस पहिल्या आठवड्यात करतो, शिव्या खातो आणि पुन्हा जन्मात करत नाही. मास्तरने ती कधीच केली नव्हती. आठव्या वर्षीसुद्धा नाही.

"पहिल्यांदाच झालं?"

"तिसऱ्यांदा. मागे एका जाकिटाची पाठ... आणि एक कॉलर. सगळी यंत्राच्या दिवशी संध्याकाळी कापलेली. मी आपलं उरलेल्या तुकड्यांतून भागवलं. तुमचा हात चुकत नाही मास्तर, तुमचे पाय थकतात. थकलेल्या पायांवर डोकं तरी किती वेळ जागेवर राहणार?"

तिने कात्री उचलली, पुसली, एका फडक्यात गुंडाळली आणि दादांच्या मशीनवर ठेवली. "आता तुम्हीच कापा. माझ्या चुका लपवून माझं दुकान चालतंय, आणि मला वाटत होतं मीच चालवतेय. मी सगळ्यांना ओझं झालेय, दादा." आणि ती पडद्याआड गेली.

नंतरचे दिवस मला आठवतात तेव्हा अजूनही वाईट वाटतं. दुकान अर्धवट उघडं, दादा नुसते जुने कपडे उसवत बसलेले. पडद्यामागे ठिणगी धडे मोठ्याने वाचायची, पण आई ऐकत नव्हती. एकदा म्हणाली, "आई, मांजर गुरगुरतंय, पण तू का नाही बोलत?"  यंत्राच्या दिवशी मास्तर निमूट जायची, निमूट यायची. दुकानातून आत जाताना टेबलाकडे पाहायची नाही. तिने आता सगळंच सोडलं, असं मला वाटलं. माझ्यावर कुणी बसो न बसो, त्याचं मला काही राहिलं नव्हतं. फक्त तिने यावं आणि टाचेने मला बाजूला ढकलावं, एवढंच वाटायचं.

एका सकाळी ड्रायव्हर पडदा सारून बाहेर आला. डोळे लाल.

"दादा, मीच म्हणत होतो ना, दुकान बंद कर, तुला आराम पडेल? तिला आराम पडत नाहीये हो. ती नुसती पडून आहे. काय करू मी?"

दादांनी मशीनवरचा दोरा तोडला. उठले, गुडघे धरून. भिंतीवरचा टेप काढून गळ्यात घातला. टेप घालायचा तो मास्तरने, दादांनी नाही. म्हणून मी सावध झालो. ते पडद्यापाशी जाऊन मोठ्याने म्हणाले, "मास्तर, जरा बाहेर या. माप घ्यायचंय."

"कुणाचं?"

"तुमचं."

"मला काही शिवायचं नाहीये."

"पोरी," दादा म्हणाले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. "बाहेर ये म्हणतो ना. म्हाताऱ्याला किती वेळ उभं करशील?"

ती आली. केस विस्कटलेले, पाय ओढत. दादांनी माझ्यावर पुन्हा येऊन बसलेले ताके खाली ठेवले, उशी झटकली. "बस इथे."

"दादा, कशाला..."

"माप बसूनच घ्यायचंय."

आणि मित्रांनो, ती बसली.

मला किती वर्षं वाट पाहावी लागली! वाटलं होतं, कुणी बसलं की अभिमान वाटेल. तसलं काही झालं नाही. ती इतकी हलकी होती की मला रडू आलं. मी चारही पाय जमिनीला घट्ट लावले. निदान आता तरी डगमगू नकोस, असं स्वतःला बजावलं.

दादांनी टेपचं एक टोक जमिनीवर धरलं आणि दुसरं तिच्या कोपरापर्यंत नेलं. ठिणगी शेजारी उकिडवी बसून आकडा बघत होती. दादा माप घ्यायला नवखे, टेप ओढून ओढून धरत होते.

"अहो, ताणू नका," मास्तर एकदम म्हणाली. "माप घेताना टेप ताणायचा नाही. आणि खांदा उचललाय मी, दिसत नाही का तुम्हाला? असं कुठे माप घेतात! थांबा, मी खांदा पाडते. हां, आता घ्या."

पडद्यापाशी उभ्या ड्रायव्हरने तोंडावर हात धरला. कितीतरी दिवसांनी घरात मास्तरचा आवाज ऐकू आला होता.

दादांनी माप घेतलं आणि टेप तसाच धरून टेबलाकडे पाहिलं. मास्तरनेही पाहिलं. मग तिला कळलं.

"नाही," ती म्हणाली. "ते बाबांचं टेबल आहे. त्याचे पाय कापायचे नाहीत."

"तुझ्या बाबांच्या मापाचं आहे ते," दादा म्हणाले. "एकाच्या मापाचा कोट त्यांनी कधी दुसऱ्याच्या अंगात घातला होता का?"

 बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"आणि बसून रेघ वाकडी आली तर?" तिने विचारलं. मास्तर घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. ती तेव्हा घाबरली होती.

"तर मी ओरडून सांगीन. लपवणार नाही. चुकलं माझं. दुरुस्त करताना तुला विचारायला हवं होतं."

ती बराच वेळ बोटाने उशीची शिवण चाचपत राहिली. मग म्हणाली, "यंत्राच्या दिवशी मी कापणार नाही. त्या दिवशी फक्त मापं घेईन, गिऱ्हाइकांशी बोलेन. तेही बसून. पण बाकीच्या दिवशी मला कुणी उठवायचं नाही, 'दमली असशील' म्हणायचं नाही. दमले की मी सांगेन. कबूल?"

"कबूल," ड्रायव्हर म्हणाला.  "आणि मी भाजीत..."

"भाजीत तुम्ही काही करू नका. आहे तेवढी शिक्षा पुरे," ती म्हणाली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच सगळे हसले. ठिणगी तर हसता हसता रडायला लागली आणि तिला कुशीत घेताना मास्तरही रडली. मग तिने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "खडू द्या."

माझ्यावर बसूनच ती टेबलाच्या पायाकडे वाकली, टेप लावला, पुन्हा लावला, आणि खडूने एक आडवी रेघ मारली. मग मला सरकवत सरकवत उरलेल्या तिन्ही पायांपाशी गेली. ड्रायव्हर करवत शोधायला निघाला तेव्हा तिने त्याला थांबवलं. "तुम्ही बस चालवा. करवत सुतार चालवेल."

सुतार दुसऱ्या दिवशी आला. टेबलाचे पाय कापले जात होते तेव्हा मास्तरने ठिणगीचा हात घट्ट धरला होता. चौथा तुकडा खाली पडल्यावर तिने वाकून तो उचलला, हाताने पुसला, आणि शांतपणे सांगितलं, "जळणात टाका." मग मला पुढे ओढलं, माझ्यावर बसली, कापड पसरलं आणि कात्री लावली. दादा मशीनवरून उठून मागे येऊन उभे राहिले. रेघ अगदी बापाच्या रेघेसारखी आली असं मी म्हणणार नाही. ती तिची होती, आणि सरळ होती.

मित्रांनो, यानंतर ती बरी झाली असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण तसं नाही. यंत्र आहे, मोजून पाणी आहे, वाईट दिवसही येतात. कधी ती सकाळीच म्हणते, "आज नाही जमत," आणि पडद्याआड जाऊन झोपते. कुणी घाबरत नाही, कुणी पुटपुटत नाही. दादा दारावरची पाटी 'बंद'वर फिरवून ठेवतात. कधी दादा ओरडतात, "मास्तर, बाही!" आणि ती जीभ चावून नमुना पालथा करते. गिऱ्हाइकांना उभं राहायला ड्रायव्हरने एका खोक्याचा पाट केला आहे. जरा डुगडुगतो, पण नवा आहे, शिकेल.

आता माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी असं दीर्घ आजारी असेल, तर दया येऊन त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका. आणि तो सगळं पूर्वीसारखंच करतोय असं सोंग घेऊन त्याच्या चुका गुपचूप झाकूही नका. त्याच्याजवळ जा, आणि त्याचं माप पुन्हा एकदा घ्या. किती वेळ जमतं, किती उंच हात पोहोचतो, कुठे दुखतं, ते त्यालाच विचारा. मग टेबल कापायचं की नाही ते त्याचं त्यालाच ठरवू द्या. आणि हो, आमच्यासारख्या जुन्या स्टुलांचे खिळे कधीमधी ठोकत जा. आमच्यावर कोण कधी बसेल, सांगता येत नाही.

आता मला तिचं वजन चांगलं ओळखू येतं. यंत्रावरून आली की हलकी असते, मधल्या दिवसांत पाणी साठून जड होते. आज जरा जड आहे, म्हणजे उद्या यंत्र. ती कापता कापता दादांशी कशावरून तरी वाद घालते आहे, आणि तिचे दोन्ही पाय माझ्या खालच्या आडव्या पट्टीवर आरामात टेकलेले आहेत. त्या दिवशी ती म्हणाली होती, मी ओझं झालेय. मला बोलता येत असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. मी आयुष्यभर माणसं पेलली आहेत, मला त्यातलं कळतं. आपलं माणूस आपल्यावर विसावतं, मित्रांनो, तेव्हा त्याचं ओझं होत नाही.